चालू स्थितीतला ऑसिलोस्कोप

लोटू काका निर्दोष सुटले. चौकशी समितीने तसं लेखी दिलं, खाली तिघांच्या सह्या झाल्या, गोल शिक्का बसला.

आता हे विसरा. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये चौकशी झालीच नाही. समिती नेमलीच नव्हती, त्यामुळे तिने कुणाला सोडण्याचा प्रश्न येत नाही. तीन माणसं दोन दिवस इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये बसली होती हे खरं, पण ती पंख्याखाली बसली होती. मे महिना होता आणि आमचं गाव भुसावळच्या बाजूचं आहे, त्यामुळे यावर कुणीही विश्वास ठेवतो. विभागाची भूमिका तीच आहे आणि मी विभागातच नोकरीला असल्यामुळे माझीही तीच आहे. फक्त न घडलेली गोष्ट सांगायला मला अजून कुणी बंदी केलेली नाही.

दोन हजार अठरा साल. मी तेवीस वर्षांचा, कंत्राटी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागून सहा दिवस झालेले. लोटू तोताराम फेगडे, म्हणजे सगळ्या कॉलेजचे लोटू काका, एकतीस मेला निवृत्त होणार होते आणि त्यांच्याकडून मला लॅबचा चार्ज घ्यायचा होता. चार्ज घ्यायचा म्हणजे काकांनी एकेका वस्तूला हात लावून नाव सांगायचं आणि मी यादीवर टिक करायची.

“मल्टिमीटर, अठ्ठावीस,” काका म्हणाले. “त्यातले एकवीस चालू आहेत.”

“आणि सात?”

“सात चालू होते.”

मी टिक केली. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या तोंडाकडे बघायची काकांना सवय होती. पहिल्या दिवशी मला वाटलं माझ्या दातांत मेथी अडकलीय. मी चार दिवस डब्यातून मेथी बंद केली. तरी काका बघतच होते.

शेवटी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट आलं. त्याची किल्ली काकांच्या शर्टाच्या खिशात आतून सेफ्टी पिनने लावलेली असे. कपाट उघडल्यावर आधी एक निळं कव्हर दिसलं, काकूंनी घरच्या जुन्या पडद्याचं शिवलेलं, समोर नाडी. नाडी सोडल्यावर आत प्लॅस्टिकचं कव्हर. ते काढल्यावर यंत्र. यंत्राच्या पडद्यावर कारखान्यातून आलेली पातळ फिल्म तशीच, बुडबुड्यांसकट. वर कुंकवाचं बोट आणि गेल्या खंडेनवमीच्या झेंडूची वाळलेली पाकळी.

“डिजिटल ऑसिलोस्कोप,” काका म्हणाले. “नग एक. चालू स्थितीत.”

ज्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: विजेचा चढउतार हे यंत्र पडद्यावर लाटेसारखा काढून दाखवतं. आवाजाचाही दाखवतं, फक्त मध्ये मायक्रोफोन लावावा लागतो.

“लावून बघायचं का?” मी विचारलं.

“कशाला?”

“चालू आहे का ते बघायला.”

“चालू स्थितीत असं लिहिलंय ना यादीत.”

“मग पोरं प्रॅक्टिकल कशावर करतात?”

“जुने तीन डबे आहेत. त्यातल्या एकावर दिसतं.”

“आणि हा?”

“हा दाखवायचा. पहिल्या वर्षाच्या पोरांना दुरून, पालक आले तर जवळून.” काकांनी नाडी पुन्हा बांधली. “भंगाळे, एक लक्षात ठेव भो. वापरलेलं मशीन बिघडतं. आजवर न वापरलेलं एकही मशीन बिघडलेलं मी पाहिलं नाही.”

यात चूक काढता येत नव्हती. मी टिक केली.

दुसऱ्या दिवशी काका पेन्शनच्या कागदांसाठी जळगावला गेले. जाताना पिन काढून किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ स्वतः मिटली. मी ती मूठ जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटून ठेवली. त्यानंतर मला जेवायचं होतं आणि एका हाताने भाकरी तुटत नाही.

ऑसिलोस्कोप सुरू केला. पडद्यावर एक पिवळी रेघ आली आणि शांत पडून राहिली. मी तो वळवून मागे पाहिलं. तिथं लाल रबरी टोपणाखाली नेटवर्कची वायर लावायची जागा होती. लॅबमध्ये वायर होती, माझ्याकडे लॅपटॉप होता आणि सुट्टीची पस्तीस मिनिटं उरली होती.

वायर लावल्यावर लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर यंत्राने माझं नाव विचारलं. मी ‘रूट’ लिहिलं. रूट म्हणजे त्या राज्यातला सर्वाधिकारी. विचारलंच आहे तर लहान नाव का सांगा. मग त्याने पासवर्ड विचारला. मी काहीच न लिहिता एंटर दाबलं. त्याला ते पटलं.

बाहेरून एक कपाट, दोन कव्हरं, एक फिल्म आणि लोटू काका एवढा बंदोबस्त, आणि आत साधी कडी नव्हती.

आत लिनक्स होतं. मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर ज्यावर चालतात तेच, फक्त इथं एका खोलीच्या संसारात राहायला आलेलं. मी फोल्डरमागून फोल्डर उघडत गेलो. एकाचं नाव ‘जुनं, वापरू नये’ अशा अर्थाचं होतं. पाहिलं तर सगळा ऑसिलोस्कोप त्याच फोल्डरमधून चालत होता. यंत्र सुरू होताना जी यादी वाचतं, तिच्यात बनवणाऱ्या इंजिनिअरने एका ओळीशेजारी लिहून ठेवलं होतं की ही ओळ कशासाठी आहे ते माहीत नाही, पण काढली की बंद पडतं, तरी कुणी हात लावू नये. इतक्या लांबच्या देशात, इतक्या मोठ्या कंपनीत, आमच्याच विभागातला माणूस पाहून मला बरं वाटलं.

मग मी साठवलेल्या लाटांचं फोल्डर उघडलं. ते रिकामं असणार, हे उघड होतं. त्यात चारशे बारा फायली होत्या.

नेमके त्याच वेळी नारखेडे सर आत आले. नारखेडे सर आमचे विभागप्रमुख. त्यांच्या बोटात कायम गाडीची किल्ली फिरत असे. लॅबमध्ये आले की खिडकीशी जाऊन ते किल्लीचं बटण दाबत, खाली गाडी टुक करी, आणि मग ते माणसांशी बोलत.

गाडी टुक झाली.

“सर, हे बघा,” मी म्हणालो. सात दिवसांच्या नोकरीत साहेबांना दाखवण्यासारखं माझ्याकडे प्रथमच काही होतं. “ऑसिलोस्कोपच्या आत लिनक्स आहे.”

सरांनी वाकून पाहिलं. “काढता येईल का?”

“काय?”

“ते. जूनमध्ये तपासणीवाले येणार आहेत.”

“सर, ते काढलं तर ऑसिलोस्कोप उरणार नाही.”

“असं आहे होय. मग राहू दे.” त्यांची नजर खाली सरकली. “हे चारशे बारा काय आहे?”

“लाटा आहेत, सर. कुणीतरी साठवलेल्या.”

“म्हणजे हे वापरलंय कुणीतरी?” ‘पेटवलंय’ म्हणताना आवाज होतो तसा त्यांचा ‘वापरलंय’ म्हणताना झाला. “मी दर वर्षी लिहून देतो भंगाळे, यंत्र सुस्थितीत, वापर नाही. माझी सही आहे त्यावर. किल्ली कुणाकडे असते?”

किल्ली कुणाकडे असते हे सगळ्यांना माहीत होतं. मी माझ्या मुठीकडे पाहिलं. सर म्हणाले, “तुझ्याकडे आजपासून. त्याआधी?”

“सर, काकांचे नऊ दिवस राहिलेत.”

“म्हणूनच. चौकशी आत्ताच व्हायला हवी. नंतर निघालं तर मी अडकेन.”

“आणि आत्ता निघालं तर?”

“तर पेन्शन थांबते. निकाल लागेपर्यंत.” सरांनी थोडा विचार केला. “निरोप समारंभही थांबवावा लागेल. चौकशी चालू असलेल्या माणसाला शाल देता येत नाही.”

मेमो दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. काकांनी तो टेबलाशी उभ्याने वाचला, चार घड्या केल्या आणि जिथं किल्ली असायची त्या खिशात पिन लावून ठेवला.

“हे कुणी काढलं?” त्यांनी विचारलं.

“मी. मागून वायर लावली, आत फायली दिसल्या, तेवढ्यात सर आले. काका, मला माहीत नव्हतं.”

“तुला कसं माहीत असणार.”

“तुम्ही वापरायचात?”

“शनिवारी. सगळे गेल्यावर. पाऊण तास.”

“काय करायचात?”

“ते सांगितलं की वापर सिद्ध होतो. नाही सांगितलं की नुसता संशय. एकतीस तारखेपर्यंत नुसता संशय पुरवता येतो का बघू.”

मी दाराकडे पाहून घेतलं आणि हळू बोललो. काकांनी चेहरा माझ्या तोंडासमोर आणला, तसं मी पुन्हा म्हणालो, “मी पुसतो. एक ओळ लिहायची. चारशे बाराच्या चारशे बारा जातील. समितीला बसून मोजू दे पिवळी रेघ.”

काकांनी माझं मनगट धरलं. “पुसू नको.”

“पुरावा तेवढाच आहे, काका.”

“असू दे.”

“पेन्शन अडेल. चौकशा चार चार वर्षं चालतात म्हणे.”

“अडली तर अडेल. पुसायचं नाही. शपथ घे.”

“काकूंना काय सांगाल?”

“ती म्हणेल, निदान कव्हर तरी परत आणा.” त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. मी शपथ घेतली. कशाची घेतोय ते मला कळत नव्हतं, पण एक ओळ लिहायचा हात त्यांच्या पकडीत होता.

समितीच्या अध्यक्ष स्थापत्य विभागाच्या सरोदे मॅडम. कागदावर नाही ते जगात नाही, असा त्यांचा नियम. नकाशात नसलेल्या एका भिंतीचं अस्तित्व त्यांनी नाकारलं होतं आणि तिच्यातून सरळ जायचा प्रयत्न केला होता, असं मुलं सांगत. दुसरे सदस्य वर्कशॉपचे झांबरे सर, कमी बोलणारे. तिसरे कार्यालयातले चिंचोले बाबू, लिहून घ्यायला. मी तांत्रिक मदतनीस. नारखेडे सर तक्रारदार. काका स्टुलावर.

पहिला दिवस फिल्ममध्ये गेला. पडदा नीट दिसण्यासाठी फिल्म काढावी की नाही यावर चर्चा झाली. काढली तर समितीनेच यंत्र वापरलं असं होईल, हे चिंचोले बाबूंनी लक्षात आणून दिलं. फिल्म राहिली. तहकूब.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, “फायलींत काय आहे?”

“आवाजाच्या लाटा आहेत, मॅडम. प्रत्येकीत सेकंदभरही आवाज नाही. मी जोडून लांब केल्यात.”

“ऐकवा.”

मी पहिली वाजवली. लॅपटॉपमधून एक लांब, सरळ सूर निघाला. सगळ्यांच्या माना लॅपटॉपकडे वळल्या. काका तेवढे मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिले.

“पेटी आहे,” झांबरे सर म्हणाले. “काळी चार.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“घरी आहे. जराशी.”

जराशी पेटी म्हणजे केवढी हे मॅडमनी विचारलं नाही. मी पुढच्या वाजवत गेलो. पहिल्या बारा निरनिराळ्या होत्या. मग एकाच सुराची रांग लागली. सा. पुन्हा सा, किंचित सरकलेला. पुन्हा सा. कुणीतरी अंधारात भिंत चाचपत दार शोधावं तसा तो सूर इकडेतिकडे होत होता. चिंचोले बाबू प्रत्येक वेळी ‘सा’ लिहीत होते. सदतिसाव्या फायलीला झांबरे सरांनी डोळे मिटले.

“आता लागला,” ते म्हणाले.

“हे लिहू?” चिंचोले.

“लिहा,” मॅडम म्हणाल्या. “सदस्य झांबरे यांच्या मते लागला.”

नारखेडे सर उभे राहिले. बोटात किल्ली फिरायला लागली. “मॅडम, आता काय राहिलं? या गावात पेट्या कोण दुरुस्त करतं? कुठल्याही भजनी मंडळाला विचारा.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी सरांचं बोलणं त्यांच्या ओठांवरून संपू दिलं आणि मान हलवली. “हाव. मी करतो.”

एकतीस तारखेला तीन दिवस होते. काकांसाठी हा खड्डा मीच वायर लावून खणला होता.

“पेट्या दुरुस्त करणं हा विषय नाही,” मॅडम म्हणाल्या. “शासकीय यंत्रावर कधी केल्या, हा विषय आहे. भंगाळे, फायलींवरच्या तारखा वाचा.”

मी तारखा पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. त्यांचा असा काही उपयोग असेल हे मात्र मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

“एक जानेवारी,” मी म्हणालो.

“साल?”

“एकोणीसशे सत्तर.”

चिंचोले बाबूंचं पेन थांबलं.

“वेळ?” मॅडमचा आवाज तसाच होता.

“पहाटे पाच एकेचाळीस.”

“पुढची?”

“एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. पाच त्रेचाळीस.”

“त्याच्या पुढची?”

“मॅडम, चारशे बाराच्या चारशे बारा त्याच दिवशीच्या आहेत. पहाटे साडेपाच ते सव्वासहाच्या आतल्या.”

याचं कारण साधं आहे. अशा यंत्राला आज कोणता दिवस हे माहीत नसेल, तर ते एक जानेवारी एकोणीसशे सत्तरपासून मोजायला लागतं. त्या हिशेबाची सुरुवात लंडनच्या मध्यरात्री होते, आणि यंत्र बसवणाऱ्याने भारतीय वेळ लावलेली होती, म्हणजे पहाटेचे साडेपाच. यंत्र बंद केलं की ते तारीख विसरतं. पुढच्या शनिवारी सुरू केलं की पुन्हा तीच पहाट. काका चार वर्षं दर शनिवारी एकाच पहाटे कामाला येत होते.

हे मला माहीत होतं. पण मला तारखा वाचायला सांगितल्या होत्या, तेवढंच मी केलं.

“फेगडे, तुमची जन्मतारीख?”

“एक जून एकोणीसशे साठ.”

“म्हणजे घटनेच्या वेळी तुम्ही साडेनऊ वर्षांचे.”

“हाव. चौथीत होतो.”

“त्या पहाटे कुठे होता?”

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “झोपलो असेन.”

“साक्षीदार?”

“आई. ती वारली.”

“अरेरे. चिंचोले, लिहा.”

“मॅडम,” नारखेडे सर म्हणाले, “हे यंत्र दोन हजार तेराला आलंय. सत्तर साली हे कॉलेजच नव्हतं. इथं केळीची बाग होती.”

“बागेत वीज होती का?”

“मॅडम, वीज—”

“पंपाला होती,” झांबरे सर म्हणाले. “बाग आमचीच होती.”

चिंचोले बाबूंनी तेही लिहिलं. सरांनी कपाळ पुसलं आणि मुलांना शिकवायच्या आवाजात सांगायला लागले, “घड्याळ चुकलंय, एवढंच आहे. आत एक गोल बॅटरी असते. ती गेली की तारीख राहत नाही. कुणालाही विचारा.”

“बॅटरी गेली आहे हे कुणी पाहिलं?”

“उघडून बघा ना.”

मॅडमनी मला खूण केली. मी मागचे स्क्रू काढले, झाकण सरकवलं. आत हिरव्या पाटीवर बॅटरीची गोल जागा होती, स्वच्छ आणि रिकामी.

“बॅटरी संपलेली नाही, मॅडम,” मी म्हणालो. “बॅटरी नाहीच.”

“घ्या,” नारखेडे सर म्हणाले. किल्ली जोरात फिरायला लागली. “वापराबरोबर चोरीसुद्धा. लिहा, चिंचोले, चोरी वेगळ्या ओळीवर लिहा.”

“फेगडे, बॅटरी कुणी काढली?”

“मी.”

“कशासाठी?”

“साहेबांनी मागितली म्हणून. यंत्र आलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात. साहेबांच्या गाडीच्या किल्लीतली संपली होती आणि सासऱ्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. म्हणाले, कुठूनही काढ, पण आत्ता दे.” काकांनी सरांच्या हाताकडे पाहिलं. “अजून तीच चालते. चांगल्या मशीनची होती.”

किल्ली थांबली. मॅडमनी हात पुढे केला. “बघू.”

सरांनी किल्ली पटकन खिशात घातली. खाली गाडी टुक झाली आणि उघडली.

मग सर खाली बसले आणि वेगळ्याच, समजूतदार आवाजात म्हणाले, “मॅडम, मी जरा विचार केला. तारीख बरोबर असावी.”

“एकोणीसशे सत्तर?”

“यंत्र विदेशी आहे. त्यांच्या दर्जावर आपण शंका घेणं मला योग्य वाटत नाही.”

“तक्रारदाराची हरकत नाही,” मॅडम चिंचोल्यांना म्हणाल्या. “पुढे लिहा.”

अहवाल दीड पानांचा झाला. सदर यंत्राचा वापर दिनांक १ जानेवारी १९७० रोजी पहाटे ५.३० ते ६.१५ या कालावधीत ४१२ वेळा झाल्याचे यंत्राच्याच नोंदींवरून सिद्ध होते. त्या वेळी संस्था अस्तित्वात नसल्याने संस्थेच्या कोणत्याही कर्मचाऱ्यावर जबाबदारी निश्चित करता येत नाही. मात्र असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून कपाटास सील करण्यात यावे. सह्या, शिक्का. सील त्याच संध्याकाळी लागलं, लाखेचं.

काकांना एकतीस तारखेला शाल मिळाली, नारळ मिळाला, पेन्शनचे कागद मिळाले. नारखेडे सरांनी भाषणात त्यांचा उल्लेख ‘वेळेच्या पलीकडे जाऊन काम करणारे’ असा केला आणि सरोदे मॅडम एकदाच खोकल्या.

समारंभ संपल्यावर काका लॅबमध्ये आले. सील केलेल्या कपाटासमोर उभे राहिले. निळं कव्हर आतच राहिलं होतं.

“आता सांगा,” मी म्हणालो. “पुसू का दिलं नाहीत?”

“पहिल्या बारा ऐकल्यास ना?”

“ऐकल्या.”

“त्या आमच्या मंडळाच्या पेटीच्या. म्हाताऱ्या पेटीच्या. मी कानाने लावलेल्या. तेव्हा यायचं ऐकू.”

चार दिवस बंद केलेली मेथी मला आठवली.

“काका, तुम्हाला आता ऐकू येत नाही?”

“तोंड दिसलं की येतं. पेटीला तोंड नाही.” शालीची घडी त्यांनी दुसऱ्या हातावर घेतली. “कमी व्हायला लागलं तसं मी एका शनिवारी बाराही सूर यात भरून ठेवले. मग कुणाचीही पेटी आली की जुनी लाट पडद्यावर ठेवायची, नव्या पट्टीची तिच्यावर आणायची. दोन्ही एकावर एक बसेपर्यंत रीड घासायची. बसली की सूर लागला. चार वर्षं गावात कुणाला कळलं नाही.”

“झांबरे सरांना?”

“सदतिसाव्या फायलीला सूर लागला ती त्यांचीच पेटी.”

“काका, मोबाइलवर ॲप मिळतं. फुकट आहे. सूर दाखवतं.”

“पाहिलं मी. ॲपचा सूर असतो तो. आमच्या मंडळाचा नसतो.” त्यांनी कपाटावर दोन बोटं ठेवली. “माझा कान होता तो. तू एका ओळीत पुसायला निघाला होतास भो.”

मला करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. यंत्र सीलबंद होतं. माझ्या लॅपटॉपवर आवाज तेवढे होते. ते बारा सूर मी पेन ड्राइव्हवर भरले, लेबल लावलं आणि काकांच्या घरी नेऊन दिले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आवाज भेट देणारा मी पहिलाच असेन. काकांनी पेन ड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला, उलटा करून पाहिला आणि काकूंना म्हणाले, चहा टाक.

जुलैत त्यांचा अर्ज आला. लॅबचा चार्ज माझ्याकडे असल्यामुळे तो आधी माझ्याकडे आला. मी ‘शिफारस करण्यात येते’ असं लिहून सही केली आणि वर पाठवला. वर नारखेडे सरांनी ‘चर्चा करावी’ असं लिहिलं. त्याला सात वर्षं झाली. अर्ज असा होता:

प्रति, मा. प्राचार्य.
विषय: प्रयोगशाळेत प्रवेश मिळणेबाबत.

महोदय, मी लोटू तोताराम फेगडे, सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक. समितीच्या अहवालानुसार आपल्या संस्थेतील ऑसिलोस्कोप दि. १ जानेवारी १९७० रोजी पहाटे ५.३० ते ६.१५ या वेळेत वापरात होता व त्याबद्दल कोणीही दोषी नाही. सदर वेळेत तासिका नाहीत, विद्यार्थी नाहीत, कपाट नाही व सीलही नाही, त्यामुळे कोणाचीही गैरसोय होणार नाही. तरी मला सदर दिवशी सदर वेळेत पेटीसह हजर राहण्याची परवानगी देण्यात यावी. त्या दिवशी मला ऐकू येत असल्याने काम लवकर आटोपेल, ही नम्र विनंती.